भिंतीवरचं कॅल्शियम

मी रत्नागिरीच्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो, त्याच्या पहिल्याच थंडीत रिसबूड मास्तर माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पाध्ये, ब्रश घ्या. सोडियम हलकं झालंय."

मुलं माठाचं चित्र काढत होती. मी त्यांना माठाच्या स्वाधीन केलं आणि ब्रश घेऊन निघालो. नवीन माणूस, करणार काय! रसायनाच्या खोलीत गेलो तर मागची अख्खी भिंत मूलद्रव्यांच्या नावांनी भरलेली. प्रत्येक नावापुढे त्याचा अणुभार. ऑक्सिजनचा अणू सोळा धरला तर या मूलद्रव्याचा अणू किती भरेल, तो आकडा. सोडियमपुढे तेवीस होतं. मास्तरांनी ते सुरीनं खरवडलं आणि तिथं बावीस पॉइंट नऊ नऊ सात रंगवायला सांगितलं.

मी मनात वजाबाकी केली. फरक तीन सहस्रांशाचा. मी म्हटलं, "मास्तर, एवढ्याशानं कुणाला कळणार आहे?"

"सोडियमला," ते म्हणाले, आणि रंग ओघळू नये म्हणून खाली फडकं धरून उभे राहिले.

मला वास्तविक माडांच्या बागा रंगवायच्या होत्या. भाट्याच्या खाडीवर संध्याकाळी उजेड कसा पडतो ते कागदावर उतरवायचं होतं. ते राहिलं बाजूला, आणि पुढची बरीच वर्षं मी दर हिवाळ्यात दशांशचिन्हं काढत बसलो. माझ्या हातची सर्वांत जास्त पाहिली गेलेली कलाकृती म्हणजे ती भिंत. तीही कुणी कलाकृती म्हणून पाहिली नाही.

रिसबूड मास्तर उंच, किडकिडीत, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या काळ्या कोटातले. पान खायचे, पण चुना लावताना बोटावरचा चुना नाकाशी धरून त्याच्याकडे असे रोखून बघायचे की समोरच्याला वाटावं, यांचं पान म्हणजे सबब आहे. हसताना त्यांना मी पाहिलं नाही. त्यांचा एक जुना विद्यार्थी मुंबईला कॉलेजच्या प्रयोगशाळेत होता. तो परदेशी रसायनशास्त्राचं मासिक वाचून झालं की मास्तरांना धाडायचा. बोटीनं टपाल आलं की मास्तर शाळा सुटल्यावर ते तिथंच उघडायचे, आणि वर्षातून एकदा त्यात ती यादी असायची.

यादी ठरते कशी, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेत विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. निरनिराळ्या देशांतल्या चार जाणत्या माणसांची एक समिती. जगात वर्षभरात कुणी कुठं काय तोललं ते सगळं ती वाचते. एकाच प्रयोगशाळेनं सांगितलं म्हणून आकडा बदलत नाही. दुसऱ्या कुणी, दुसऱ्या रीतीनं, स्वतंत्रपणे तेच काढलं तर समिती तो बदलते. शंका असेल तर जुना आकडा ठेवते. आणि बदलला काय, ठेवला काय, का ते छापते. कुणाचं काम विचारात घेतलं, कुणाचं का वगळलं, तेसुद्धा.

हे एवढंच असतं तर ठीक होतं. पण मास्तर जगालाही हाच कायदा लावायचे. शाळेत मराठीचे नवे शिक्षक आले, तेव्हा ते दारू पितात अशी कुजबुज सुरू झाली. मास्तरांपुढे विषय निघाला तर त्यांनी विचारलं, पाहिलं कोणी? एकानं नाव सांगितलं. मास्तर म्हणाले, ही एक प्रयोगशाळा झाली, दुसरी कुठाय? दुसऱ्यानं पहिल्याकडूनच ऐकलेलं निघालं. मास्तरांनी जुना आकडा कायम ठेवला. घरीही तीच तऱ्हा. वहिनी आमटी वाढून विचारायच्या, कशी झालीय? हे म्हणायचे, "एका दिवसावरून सांगता येत नाही." वहिनींनी विचारणं सोडून दिलं आणि आमटी अधिक चांगली व्हायला लागली, असं वहिनीच सांगायच्या.

सोडियम हलकं झालं त्याच यादीत अँटिमनी जड झालं होतं. आणि साधंसुधं नव्हे. एकशेवीस पॉइंट दोनचं एकदम एकशेएकवीस पॉइंट सत्त्याहत्तर. मास्तर दोन दिवस जेवणात लक्ष नसल्यासारखे होते. आपण इतकी वर्षं मुलांना चुकीचं सांगितलं, ही गोष्ट त्यांना गिळवेना. मग त्यांनी पोस्टकार्डं आणली आणि जिथं जिथं जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते मिळाले तिथं तिथं लिहून टाकलं: "अँटिमनीचा अणुभार १२०.२ नसून १२१.७७ आहे. तसदीबद्दल क्षमस्व. रिसबूड."

आता ही कार्डं गेली कुणाला? चिपळूणला कापडाच्या दुकानात बसणाऱ्याला, राजापूरच्या पोलीस जमादाराला, गुहागरला नारळ-सुपारीच्या व्यापाऱ्याला. गुहागरकर घाबरून पुढच्या बोटीनं आला, मास्तर बरे आहेत ना बघायला. जमादारानं म्हणे ते कार्ड वरिष्ठांना दाखवलं, त्यात काही राजकीय तर नाही ना म्हणून. हर्णैच्या एका विद्यार्थ्याचं मात्र उलट टपाली उत्तर आलं: "कळले. आमचेकडे सर्व क्षेम." मास्तर म्हणाले, तो वर्गातही हुशार होता.

पण या सगळ्याच्या तळाशी मास्तरांची एक इच्छा होती. ती त्यांनी मला भिंतीपाशी, हातात फडकं धरून सांगितली. त्यांना समितीच्या त्या अहवालात यायचं होतं. "आपला आकडा त्यांनी घ्यावा एवढी माझी लायकी नाही, पाध्ये," ते म्हणाले. "नाकारावा. पण विचारात घेऊन नाकारावा. रत्नागिरीत एक माणूस तोलत होता, एवढं छापून यावं."

नाकारलं जाण्यासाठी एवढी धडपड करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि पुढं पाहिला तो फक्त लग्नाच्या बाजारात.

त्यांनी कॅल्शियम धरलं. कारण सोपं होतं. कॅल्शियम असतं चुन्यात, आणि आमच्याकडे चुना शिंपल्यांचा. शिंपले स्वच्छ करायचे, तोलायचे, भट्टीत भरपूर तापवायचे, त्यातला वायू निघून गेला की उरलेला चुना पुन्हा तोलायचा. किती गेलं आणि किती राहिलं, यावरून कॅल्शियमचा अणुभार निघतो. शाळेकडे काचेच्या पेटीतला एक नाजूक तराजू होता. त्याला मास्तरांशिवाय कुणी हात लावत नसे. भट्टी नव्हती, ती बाजारातल्या सोनारानं दिली. दागिने घडवणारा माणूस जसा बघेल तसा तो मास्तरांच्या मुशीतल्या शिंपल्यांकडे बघायचा, पण भाता मनापासून मारायचा.

राहता राहिले शिंपले. ते मास्तर राजिवड्याच्या मासे विकणाऱ्या बायकांकडून आणायचे. तिसऱ्यांचे, म्हणजे खाडीतल्या ज्या शिंपल्यांचं मांस लोक आवडीनं खातात त्यांचे. आणि झाडगावात, ब्राह्मणाच्या परसात, विहिरीपाशी बसून स्वतः घासायचे. व्हायचं तेच झालं. महिन्याभरात आळीत बातमी, की रिसबूड मास्तर तिसऱ्या खातात. नुसतं खात नाहीत, टोपल्याटोपल्यानं खातात, आणि टरफलं धुऊन पुरावा नाहीसा करतात! एका श्राद्धाचं आमंत्रण आलं नाही. वहिनींकडे हळदीकुंकवाला बायका कमी आल्या. वहिनी मास्तरांना एवढंच म्हणाल्या की काय घासायचं ते परसात घासा, ते टोपलं माझ्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. मास्तरांनी ते निमूट पाळलं. पावसाची सर आली तर स्वतः भिजत टोपल्यावर छत्री धरून बसायचे. आळीतले दोघेतिघे जाब विचारायला आले, तेव्हा त्यांनी त्यांना दोन स्वतंत्र पुरावे आणायला सांगितले. कुणी त्यांना खाताना पाहिलं नव्हतं. पण पुराव्याअभावी सुटलेला माणूस आळीच्या लेखी सुटत नसतो.

खरा वैरी निघाला तो मात्र आळी नव्हे, रत्नागिरीची हवा. ताजा भाजलेला चुना हवेतली ओल पितो. भट्टीतून काढून तराजूवर ठेवला की तुमच्या डोळ्यांदेखत जड व्हायला लागतो. पावसाळ्यात तर तोलायचं नावच नको. दिवाळी ते शिमगा एवढाच मोसम, त्यातही वारा समुद्रावरून आला की दिवस फुकट. पहिले दोन मोसम आकडे वाटेल तसे आले. एकदा तर बेचाळीसाच्या वर गेले. मास्तर प्रत्येक आकडा लिहायचे, वाईट म्हणून एकही गाळायचे नाहीत. तिसऱ्या मोसमात त्यांचा हात बसला. आणि मग एक दिवस ते माझ्याकडे आले. चेहरा नेहमीसारखाच, पण मुंडासं वाकडं. म्हणाले, "चाळीस पॉइंट शून्य सात."

यादीतला आकडा तोच होता. मी स्वतःच्या हातानं भिंतीवर रंगवलेला. पुन्हा केलं, पुन्हा तोच. त्या मोसमात सगळ्याच वेळा तो आला. एवढ्याशा तराजूवर, सोनाराच्या भात्यावर, रत्नागिरीच्या हवेत! मास्तरांनी सुवाच्य अक्षरात निबंध लिहून काढला, इंग्रजीत. मी त्याला तराजूची आकृती काढून दिली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की आपण कशाच्या तरी उपयोगी पडलो.

हेडमास्तरांना तर पंखच फुटले. शाळेचा बक्षीस समारंभ जवळ आला होता आणि कलेक्टरसाहेब येणार होते. हेडमास्तरांनी ठरवलं, की निबंध समारंभात साहेबांच्या हातून मास्तरांना परत द्यायचा, साहेबांचं शिफारसपत्र जोडायचं, आणि मग बोटीनं मुंबईमार्गे विलायतेला. गावात पत्रिका गेल्या. आळीचा सूर बदलला. ज्यांनी श्राद्धाला बोलावलं नव्हतं, तेच आता सांगत सुटले की शास्त्रासाठी शिंपल्याला शिवलं तर दोष नाही.

समारंभाच्या आदल्या दिवशी टपाल आलं. मास्तर माझ्या वर्गाच्या दारात आले.

"पाध्ये, ब्रश घ्या."

"काय बदललं?"

"कॅल्शियम. शून्य सातचं शून्य आठ झालं."

आम्ही भिंतीपाशी गेलो. मी आनंदानं म्हटलं, की एक शतांश म्हणजे काय! आपला तराजू एवढं सांगूच शकत नाही. तुमचा आकडा पूर्वीइतकाच बरोबर आहे. मास्तर तराजू ठेवलेल्या टेबलापाशी जाऊन आपल्या खुर्चीत बसले. तिथं बसलं की समोर तराजू, आणि तराजूच्या वर सरळ भिंतीवरचं कॅल्शियम. बराच वेळ त्यांनी एकदा इकडं, एकदा तिकडं पाहिलं.

"आपला तराजू एवढं सांगू शकत नाही," ते सावकाश म्हणाले. "मग त्यानं दर वेळी शून्य सातच कसं सांगितलं? पाध्ये, त्यांची चूक माझ्या भट्टीत कशी आली?"

मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं, वर्गात समजावतात तसं. चुना तराजूवर जड होत जातो. म्हणजे आकडा चढत जातो; कुठल्या वजनाला कुठला आकडा निघणार, हा हिशोब तोवर मनात पाठ झालेला. एकोणचाळीस नऊ, चाळीस, चाळीस शून्य सात, चाळीस दोन. कुठंतरी थांबून वाचावं लागतं. आणि समोर भिंतीवर तर लिहिलेलंच आहे. काटा तिथं आला की मन म्हणतं, हां, आता स्थिर झाला. आधी वाचलं तर वाटतं, घाई झाली. नंतर वाचलं तर वाटतं, ओल लागली. लबाडी एकदाही केली नाही, आणि खरं एकदाही तोललं नाही.

मी पुष्कळ सांगून पाहिलं. उद्या समारंभ आहे, निदान उद्याचा दिवस जाऊ द्या, मग निबंध पाठवू नका म्हणजे झालं. हेडमास्तर तर हात जोडायच्या बेतात आले. कुणाला कळणार आहे, असंही ते म्हणाले. मला सोडियमची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी समारंभाला मांडव खच्चून भरला होता. बायकांच्या बाजूला वहिनी होत्या, आणि त्यांच्याभोवती हळदीकुंकवाला न आलेल्या सगळ्या. हेडमास्तरांनी मोठं भाषण करून मास्तरांना पुढं बोलावलं. साहेबांनी निबंध पुढं केला. मास्तरांनी तो घेतला, साहेबांना नमस्कार केला, आणि लोकांकडे वळून म्हणाले, "यातला आकडा चूक आहे. तो मी चुन्यातून काढला नाही, भिंतीवरून काढला. तेव्हा हा निबंध कुठंही जाणार नाही. तसदीबद्दल क्षमस्व."

एवढं बोलून ते जागेवर जाऊन बसले. साहेबांना मराठी बेताचंच येत होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. हेडमास्तरांच्या चेहऱ्याचं चित्र मला अजून काढता येईल.

मला त्या दिवशी मास्तरांचा भयंकर राग आला होता. तीन मोसम भाता मारलेल्या त्या सोनाराचं काय, माझ्या आकृतीचं काय, असं सगळं मनात येत होतं. आणि त्याच वेळी असं वाटत होतं, की हा माणूस आपल्या शाळेत आहे हे कुणाला तरी ओरडून सांगावं. घरी परतताना मी त्या दोघांच्या मागं चालत होतो. वहिनी वाटभर मास्तरांच्या दोन पावलं पुढं चालत होत्या. आता घरी गेल्यावर मास्तरांची धडगत नाही, असा माझा अंदाज होता. फाटकापाशी आल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून ते शिंपल्यांचं टोपलं आत आणा. पडवीत ठेवा. बाहेर दंव पडतं."

मास्तर "बरं" म्हणाले.

त्यानंतर हेडमास्तर मास्तरांशी कामापुरतं बोलायचे. आळीनं तिसऱ्यांची कुजबुज पुन्हा सुरू केली. मास्तरांनी टेबल फिरवून घेतलं आणि भिंतीकडे पाठ करून बसायला लागले. वाचायचं कधी, हेही त्यांनी स्वतःच्या हातात ठेवलं नाही. चुना तराजूवर ठेवायचा, आणि तास संपल्याची घंटा झाली की त्या क्षणी जे असेल ते वाचायचं. वाचायचं तेही मी. मी वजन कागदावर लिहून बाजूला ठेवायचो, मोसम संपेपर्यंत त्यांना दाखवायचो नाही. शाळेच्या घंटेवर कॅल्शियम तोलणारी आमची जगातली पहिली संस्था असावी.

शिमग्यानंतर मास्तरांनी हिशोब मांडला. एकोणचाळीस पॉइंट सातपासून चाळीस पॉइंट पाचपर्यंत, कुठल्याही दोन आकड्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. "हां," मास्तर म्हणाले, "हे आपलं." तेवढे सगळे आकडे, एकही न गाळता, त्यांनी धाडून दिले. शिफारसपत्र नव्हतं. आकृती मात्र माझीच होती.

उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षीच्या यादीत काही नव्हतं, त्याच्या पुढच्यातही नव्हतं. मास्तर यादी उघडायचे, वाचायचे, "पाध्ये, ब्रश घ्या" म्हणायचे. मग ते निवृत्त झाले. मासिक जुन्या पत्त्यावर शाळेतच यायचं आणि मी ते घरी नेऊन द्यायचो.

अशाच एका दुपारी मी ते घेऊन गेलो. मास्तर ओटीवर पान जमवत होते. त्यांनी भिंग घेतलं आणि बारीक टाइपातला मजकूर ओळीओळीनं वाचत गेले. कॅल्शियमपाशी बोट थांबलं. ओठ हलले. मग त्यांनी पहिल्यापासून वाचून मला मराठीत सांगितलं: हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून एका शाळाशिक्षकानं शिंपल्यांवर केलेलं काम आलं होतं. आकड्यांत तफावत फार आहे. सबब विचारात घेऊन वगळलं.

वहिनी दारात आल्या होत्या. "काय म्हणतात?"

"नाकारलं," मास्तर म्हणाले.

"विचारात घेऊन?"

"विचारात घेऊन."

वहिनी आत गेल्या आणि साखरेचा डबा घेऊन आल्या. आधी देवापुढे ठेवली, मग आम्हाला दिली, मग वाटी घेऊन आळीत निघाल्या. कुणी विचारलं कशाची साखर, की त्या सांगायच्या, "ह्यांना नाकारलं. विलायतेहून." आळीनं साखर घेतली. 

त्या संध्याकाळी मी राहिलेला रंगाचा डबा आणायला शाळेत गेलो, तर रसायनाच्या खोलीचं दार उघडं होतं. मास्तर आत होते. शिपायानं त्यांना आत सोडलं असणार. त्यांनी खुर्ची फिरवून घेतली होती आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच भिंतीकडे तोंड करून बसले होते. समोर चाळीस पॉइंट शून्य आठ. मला वाटलं, ते आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "आठ जरा तिरका आलाय, पाध्ये. सवडीनं सरळ करा."

मी दुसऱ्या दिवशी तो सरळ केला. पण ते बघायला ते पुन्हा आले नाहीत. पाऊस सुरू व्हायच्या आत ते गेले.